झाकण नसलेलं गाणं

"रिकाम्या हातानं जाऊ नकोस. आणि गेल्यावर गाण्याचं नाव तर काढूच नकोस. त्यालाच काढू दे."

लल्ला फतूमा हे सांगत होती तेव्हा उशीला टेकून बसली होती आणि बोलता बोलता पांघरुणावर बोटांनी ठेका धरत होती. त्याच आठवड्यात ती अल्लाला प्यारी झाली. मागे राहिली ती तेतुआनच्या जुन्या शहरातली तिची गानशाळा, आणि शाळेबरोबर तिच्या शिष्येच्या, बतूलच्या गळ्यात पडलेलं एक काम.

शाळा म्हणजे गादीवाल्याच्या दुकानावरची एक लांबट खोली. भिंतीला लागून बैठका, कोपऱ्यात ऊद नावाची दोन तंतुवाद्यं, खुंटीला डफ. तिसऱ्या प्रहरची, असरची नमाज झाली की बायका जिना चढून यायच्या. खाली गादीवाला लोकर पिंजायला बसला की वर एखादीची तान मध्येच शिंकेत संपायची. नव्या मुलींना वाटायचं, ती शिंकही चालीतलीच आहे.

लल्ला फतूमानं लहानपणी, आईच्या मांडीवर बसून, मौलिदच्या, म्हणजे पैगंबरांच्या जन्मदिवसाच्या रात्री झावियाच्या, सूफी मठाच्या अंगणात एक पाच ओळींचं गीत ऐकलं होतं. त्या जन्माचंच. पुढे ते कोणी म्हणेनासंच झालं. 'यंदाच्या मौलिदला आपल्या बायकांनी ते म्हणायचं' एवढीच तिची शेवटची इच्छा होती, आणि बतूल तिला हो म्हणाली होती.

आता शहरात ते गीत येणारा एकच माणूस उरला होता, बा अल्लाल. आणि बा अल्लालकडून गाणं काढणं म्हणजे दगडातून तेल काढणं. त्या पिढीचे उस्ताद गाणं द्यायचे ते मुलगी द्यावी तसे: दहा ठिकाणी चौकशी करून, खूप आढेवेढे घेऊन, आणि देताना डोळ्यांत पाणी आणून. बा अल्लालनं तर ऐंशी ओलांडली तरी एकही मुलगी उजवली नव्हती. ऐन उमेदीत तो कफ्तानांचे रेशमी गोंडे वळायचा. आता तो बहीण शामाच्या हातचं खात, उन्हाच्या पट्ट्याबरोबर गादी सरकवत बसायचा, आणि दर थंडीत सगळ्यांचा रीतसर निरोप घ्यायचा. थंडी संपली की थोडा जाड होऊन दिसायचा.

बतूल पहिल्यांदा गेली ती बाकल्याच्या डाळीचा दाट बिसारा घेऊन. वर ऑलिव्हचं तेल, जिऱ्याची पूड.

"हे काय आणलंस?"

"बिसारा, बा. थंडी आहे म्हणून."

"थंडी आहे म्हणून. दुसरं काही कारण नाही?"

"नाही, बा."

बानं वाडगा पावानं पुसून लख्ख केला. मिशीवरचं तेल बोटानं टिपून तेही वाया जाऊ दिलं नाही. मग भिंतीला टेकून, डोळे मिटून, जणू झोपेत बरळावं तशी त्यानं एक ओळ म्हटली. बतूलच्या अंगावर काटा आला. त्यानं ती तीनदा म्हटली आणि एक डोळा उघडला.

"आली?"

"आली, बा."

"कागद काढशील तर मी झोपलोय असं समज. आणि पुढच्या वेळी लसूण जरा जास्त."

शाळेत त्या संध्याकाळी ती ओळ बायकांनी इतक्या वेळा म्हटली, की खालून गादीवाला ओरडला, "पुढं काय झालं ते तरी सांगा!"

पुढं काय झालं, तर सार्डिन झाले. कोथिंबीर भरलेले सार्डिन रहीमोनं केले होते. रहीमो शिवणकाम करायची. बांधा मोठा, आवाज त्याहून मोठा आणि धीर नखाएवढा. ताट घेऊन गेली बतूल, आणि परत आली ती उतरलेल्या चेहऱ्यानं.

"किती दिली?" रहीमोनं जिन्यातच विचारलं.

"अर्धी."

"अर्धी ओळ? अगं, काटे काढता काढता माझे डोळे गेले, आणि त्यानं अर्ध्यावर हात आखडला?"

"मीठ कमी होतं म्हणाले."

"मग मीठ मागायचं! तोंड आहे ना? गाणं अडवून ठेवायला तोंड आहे, मीठ मागायला नाही?"

उरलेल्या अर्ध्या ओळीसाठी दुसऱ्यांदा सार्डिन करावे लागले. आणि त्या वेळी रहीमोनं, कोणाला न विचारता, आपल्या दिराचा टेपरेकॉर्डर टोपलीत पावाखाली दडवून पाठवला. बतूलला ते ठाऊक असतं तर तिनं टोपलीला हातही लावला नसता. संध्याकाळी सगळ्या जणी टेपभोवती गोल करून बसल्या. आधी नुसतं चावणं होतं. नंतर एक लांबलचक ढेकर, आणि मग अगदी जवळून, टोपलीत तोंड घातल्यासारखा बा अल्लालचा आवाज: "पाव मऊ आहे. यंत्र कडक आहे. यंत्र घरी ठेवा."

बतूल लाजेनं लाल झाली. दुसऱ्या दिवशी माफी मागायला गेली, तर बा इतका खुशीत होता की त्यानं राहिलेली अर्धी ओळ फुकट देऊन टाकली.

तिसरी ओळ कबुतराचं मांस भरलेल्या, पापुद्र्यांच्या पास्तिलावर सुटली. बदाम, दालचिनी, वर पिठीसाखर. त्या ताटापायी चार घरांत भांडणं झाली. त्यानंतरची ओळ मात्र त्यानं आपणहून, नुसत्या पुदिन्याच्या चहावर दिली. बतूल आनंदानं उठली, आणि गल्लीच्या वळणावर थबकली. तिनं मनातल्या मनात ओळ पुन्हा म्हणून पाहिली. चाल पहिल्या ओळीचीच होती.

ह्या गीतांची घडणच अशी असते. पहिल्या तीन ओळी एका चालीवर. चौथी मात्र वेगळीच, तिची चाल दुसऱ्या कशातूनही उमजत नाही. आणि पाचवी पुन्हा पहिलीच्या घरी येते. चौथीला गाणारे झाकण म्हणतात. ते बसलं म्हणजे भांडं पुरं झालं. बा अल्लालनं तिसरीवरून थेट पाचवीवर उडी मारली होती.

"विसरले असतील," बतूल म्हणाली.

"विसरतोय!" रहीमो म्हणाली. "झाकण शेवटाला ठेवलंय. मरायच्या आधी त्याला अख्खा बोकड खायचा असणार."

मौलिदला पंधरवडा उरला. बायकांनी बाजूला ठेवलेली मनुका काढली, जपलेलं तूप काढलं. ताटं जात राहिली, आणि ती रिकामी होऊन येत राहिली. पण चौथ्या ओळीच्या दिशेनं वारा वाहू लागला की बाची दाढ दुखायची. दाढ नसली तर त्याला झोप यायची. एकदा तर घास तोंडात असतानाच तो झोपला, आणि शामानं "अरे, निदान गिळ तरी!" म्हणून पाठीत धपाटा घातला.

बतूल सोमवारी आणि गुरुवारी रोजा धरायची. लग्नानंतर सुरू केलेला नेम, नवरा गेल्यावरही सुटला नव्हता. त्या गुरुवारी ती कोकराच्या मांसात सुकी आलुबुखार घालून घेऊन गेली. बा जेवू लागला. ती समोर हात मांडीत ठेवून बसली.

"तूही घे."

"रोजा आहे, बा."

"आणि हे रांधलंस? चव न बघता?"

"हो."

बानं घास खाली ठेवला.  मग म्हणाला, "उत्तम झालंय." आणि ताट दूर सारलं. असं त्यानं कधीच केलं नव्हतं. आतून शामा धावत आली. तिला वाटलं, खरोखरच वेळ आली.

"शामा, तू जा. मी मरत नाहीये. पोरी, ऐक. मी हे खाऊ शकत नाही. आजवरचं सगळं खाल्लं ते खाल्लं. चौथी ओळ माझ्याकडे नाहीये."

बतूलला वाटलं तिनं नीट ऐकलं नाही. "नाहीये म्हणजे, बा?"

"म्हणजे नाही. मला कधी दिलीच नाही. आमचे उस्ताद सी लमफद्दल, ते मोठे आणि भलतेच चतुर. चेले दोघे होते, मी आणि तुहामी. आमचं पटायचं नाही. उस्तादांनी काय केलं? चार ओळी मला दिल्या, झाकण त्याला दिलं. म्हणजे गाणं म्हणायचं तर दोघांनी एका चटईवर बसावंच लागेल. आणि जाताना दोघांकडून शब्द घेतला, की बसाल. मी हो म्हटलं. तुहामीही हो म्हणाला."

"मग?"

"मग काय! बसलो. मी म्हटलं, तू आधी झाकण दे, म्हणजे मी भांडं देतो. तो म्हणाला, तू आधी भांडं दे. माझ्या एकदा तोंडातून निघालं की तो पळून जाणार, हे मला दिसत होतं. त्यालाही माझ्याबद्दल तेच दिसत होतं. संध्याकाळपर्यंत बसलो. शेवटी तो चटई गुंडाळून निघून गेला. चटई माझी होती."

"ते आहेत अजून?"

"शाउएनला आहे. माग चालवतो. त्याच्या मरणाची बातमी माझ्या कानावर आलेली नाही, आणि आली असती तर मी मिठाई वाटली असती." असं म्हणून बानं तोंड फिरवलं. पण मिठाई वाटणाऱ्या माणसाचा चेहरा काही तो नव्हता.

"मी जाते त्यांच्याकडे," बतूल म्हणाली.

"जा. पण माझ्या ओळी त्याच्यापुढे म्हणायच्या नाहीत. आधी त्यानं गायचं. शब्द दे."

बतूलनं शब्द दिला. बायकांना ही हकिगत कळली तेव्हा रहीमो मटकन बैठकीवर बसली. "म्हणजे एवढे दिवस आपण बिनझाकणाच्या भांड्यात ओतत होतो?" आणि मग तीच सर्वांत आधी हसायला लागली. हसू आवरेना तेव्हा तिनं डोळे पुसत बतूलला बदामाच्या करंज्यांचा डबा भरून दिला.

शाउएनला डोंगराच्या पोटाशी, निळ्या पायऱ्यांच्या शेवटी तुहामीचं घर होतं. दार अर्धवट उघडं. आतून मागाची खटखट येत होती. बतूलनं सलाम करायला तोंड उघडलं, आणि त्याच वेळी आत कोणीतरी गायला लागलं.

तिला कोणी सांगायची गरज नव्हती. पहिल्या तीन ओळी तिच्या अंगात मुरल्या होत्या, आणि ह्या चालीनं येऊन त्यांच्यावर असं काही झाकण बसवलं की कुठे फट म्हणून राहिली नाही. सूर उंच चढला, तिथे जरा थांबला, जणू वरून अंगणाकडे पाहिलं, आणि पायरी पायरीनं खाली आला. बतूलला एकदम वाटलं, हे तर चोरून ऐकणं झालं. तिनं कान झाकायला हात उचलले, तर दोन्ही हातांत डबा. तो कुठे ठेवावा हे सुचेपर्यंत ओळ संपली होती, आणि आतल्या माणसानं ती पुन्हा सुरू केली होती.

माग थांबला. "दारात कोण आहे?"

"बतूल. तेतुआनहून आलेय. लल्ला फतूमाच्या शाळेची."

दारात एक काटकुळा म्हातारा आला. समोरचे दात नव्हते, पण नजर सुईसारखी. "कधीपासून उभी आहेस?"

खोटं बोलायचं तिच्या मनातही आलं नाही. "दोनदा ऐकलं, सी तुहामी."

"आणि आलं?"

"पहिल्यांदाच आलं."

"परत दे!"

"कशी परत देऊ? तांब्या असता तर दिला असता."

तुहामीनं कपाळावर हात मारला. बायकोपुढे, मुलांपुढे, शेजाऱ्यांपुढेसुद्धा कधी ही ओळ म्हटली नाही, नुसती मागाला ऐकवली, आणि दाराला कडी लावायची राहिली म्हणून तेतुआनला गेली! असं तो उंबऱ्यावर उभा राहून गल्लीला सांगू लागला. गल्लीत एक मांजर होतं. थोड्या वेळानं दम लागला तेव्हा त्यानं बतूलला आत घेतलं, चहा केला, आणि करंज्यांचा डबा परत तिच्याकडे सरकवला.

"मला गोड चालत नाही. मी काही अल्लाल नव्हे. त्यानंच पाठवलं ना?"

"मी आपणहून आले."

"म्हणजे त्यानंच पाठवलं. त्याच्या ओळी तुला येतात?"

"येतात."

"म्हण."

"नाही म्हणता यायच्या. तुमच्या आधी म्हणणार नाही असा शब्द दिलाय." मग तिला अंधुक आशा वाटली. "पण सी तुहामी, तुम्ही तर आत्ताच गायलात की."

"ते मी मागापुढे गायलो. तुझ्यापुढे नव्हे." म्हाताऱ्यानं बोट उगारलं. "त्याला शब्द देतेस, तर मलाही दे. अल्लाल स्वतःच्या पायांनी ह्या उंबऱ्यावर येईपर्यंत ही ओळ तुझ्या तोंडून कोणाच्या कानावर पडायची नाही. एकटीनं गुणगुणायचंसुद्धा नाही. स्वयंपाक करतानाही नाही. बायका स्वयंपाक करताना गुणगुणतात, मला ठाऊक आहे."

बतूलनं अल्लाला साक्ष ठेवून तोही शब्द दिला.

अशी ती परत निघाली. अख्खं गाणं, भांडं आणि झाकण, जगात फक्त तिच्या एकटीच्या पोटात. आणि तोंडाला दोन दोन कुलपं. टॅक्सी घाटातली वळणं घेऊ लागली तशी चौथी ओळ आपोआप घशाशी येऊ लागली. बतूलनं ओठ घट्ट मिटले, वर पदरासारखी ओढणी दाबली. शेजारच्या बाईनं ओरडून टॅक्सी थांबवायला लावली. "अहो, हिला उलटी होतेय!" ड्रायव्हरनं लिंबू कापून दिलं. बतूलनं तेही निमूटपणे चोखलं. तोंड कशानं तरी बंद राहतंय ना, मग लिंबू तर लिंबू.

शाळेत बायका वाटच बघत होत्या.

"मिळाली?" रहीमोनं विचारलं.

"मिळाली."

एकच गलका झाला. आणि मग बतूलनं जे सांगितलं ते ऐकून खोली अशी गप्प झाली, की खालची लोकर पिंजल्याचा आवाज येऊ लागला.

"अगं, पण कोणाला कळणार आहे?" रहीमो शेवटी म्हणाली. "दारं लावून घेऊ. तू म्हण. तो म्हातारा तिकडे डोंगरात, हा म्हातारा इकडे झोपलेला."

"मला कळेल ना, रहीमो."

"तुला कळून तू काय करणार? स्वतःचीच चुगली करणार?"

बतूल खुंटीकडे गेली. तिनं डफ काढला. सराव तर करायला हवा. पहिली ओळ झाली, दुसरी झाली, तिसरी झाली. चौथीला सगळ्या थांबल्या, आणि बतूलनं मुकाट्यानं नुसता ठेका वाजवत ती जागा मोजून काढली. पण मन तर गातच होतं. डफ वाजवता वाजवता तिला जाणवलं, की सगळ्या जणी पुढे झुकून तिच्या तोंडाकडे टक लावून बघतायत.

"भुवया बघा!" रहीमो कुजबुजली. "भुवया वर गेल्या! म्हणजे सूर वर गेला!"

"आता थांबल्या."

"आता उतरतायत. एक, दोन... अगं बाई, हळूहळू उतरतायत!"

आणि रहीमोनं खरोखरच भुवयांवरून एक सूर लावला. तो इतका चुकीचा होता की बतूलला हसू फुटलं, आणि लगोलग भीती वाटली, की हसण्यातून खरी चाल निसटायची. तिनं ओढणी कपाळापासून हनुवटीपर्यंत ओढून घेतली. उरलेला सराव तिनं तसाच, बुरखा घातलेल्या बुजगावण्यासारखं बसून, आतून डफ वाजवत पुरा केला.

त्या रात्री नमाजनंतर ती नेहमीपेक्षा जास्त वेळ चटईवर बसली. मागितलं एवढंच, की झोपेत गाणं तोंडातून निघू नये.

मौलिद परवावर आला तेव्हा ती बा अल्लालकडे गेली. शामानं बायकांकडून ऐकून भावाला आधीच सगळं सांगून ठेवलं होतं, आणि वर आपलं मतही दिलं होतं: "दोन म्हाताऱ्या गाढवांना शब्द देऊन बसलीय बिचारी." बा भिंतीकडे तोंड करून पडला होता. बतूल आल्यावर उठून बसला.

"ऐकलीस म्हणे."

"हो, बा."

"आमच्या उस्तादांच्या तोंडून मी ती एकदाच ऐकली होती. दाराआडून. राहिली नाही मनात. तुझ्यासारखा कान नव्हता माझा." बानं घसा साफ केला. "एकदा म्हण. फक्त माझ्यापुढे. हळू."

"शब्द दिलाय, बा."

"कोणाला? त्या तुहामीला?"

"तुम्हालाही दिलाय. त्यांचा मोडला, तर तुमचा कशाला ठेवायचा?"

बा गुडघ्यावरच्या घोंगडीचा एक धागा ओढत बसला. "बरं, गाऊ नकोस. नुसतं सांग, कशी आहे?"

"चांगली आहे."

"चांगली म्हणजे कशी चांगली? वर जाते?"

"बा."

"बरं, बरं." बानं धागा बोटाला गुंडाळला. "तो कसा दिसतो आता?"

"बारीक झालेत. पुढचे दात पडलेत."

"पडले? सगळे?" बाचा चेहरा उजळला. "मग गातो कसा?"

"मधेमधे फुंकर येते."

बा अल्लाल हसला. आधी नाकातून, मग पोटातून, मग पुरता हलायला लागला. "फुंकर! उस्ताद सगळ्यांत जास्त रागवायचे ते फुंकरीवर! मला म्हणायचे, तुहामीकडून शिक, कसा स्वच्छ शब्द टाकतो!" हसता हसता त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, आणि हसणं थांबलं तरी ते वाहतच राहिलं.

बतूल हळू आवाजात बोलायची, इतकी हळू की वर्गात शेवटच्या बैठकीवरच्या बायका नेहमी "काय म्हणाली?" असं विचारायच्या. तशाच आवाजात ती म्हणाली, "बा, तुम्ही त्यांच्या उंबऱ्यावर जाईपर्यंत, असा माझा शब्द आहे. उद्या ते नसले, किंवा तुम्ही नसलात, तर त्या शब्दाला सुटकाच नाही. मग मी जगेन तोवर हे गाणं माझ्या पोटात राहील, आणि माझ्याबरोबर जमिनीत जाईल. मौलिद तर चुकेलच, पण त्याचं मी सोसेन."

"तेव्हा गाशील तू. आम्ही मेल्यावर कोण विचारणार आहे?"

"नाही गाणार, बा."

बानं तिच्याकडे पाहिलं.  बाई भोळी आहे की हट्टी, हे जोखून बघावं तसं. मग पुन्हा भिंतीकडे तोंड करून तो आडवा झाला.

"जा आता. माझी दाढ दुखतेय."

बतूल घरी आली. शाळेत तिनं बायकांना एवढंच सांगितलं, की मौलिदला आपण दुसरंच काहीतरी म्हणू, सगळ्यांना येणारं. कोणी वाद घातला नाही. रहीमोसुद्धा नाही. ती खाली मान घालून डफाच्या चकत्या पुसत बसली.

फज्रची नमाज झाली की झावियाच्या दारातला पाण्याचा माठ भरायचा, हाही बतूलचा एक नेम. दुसऱ्या दिवशी पहाटे ती कळशी घेऊन निघाली. वाट वेशीबाहेरच्या टॅक्सीतळावरून जात होती. चहावाल्यानं नुकता शेगडीत कोळसा टाकला होता, आणि एक ड्रायव्हर बॉनेटवर थापा मारत ओरडत होता, "शाउएन! शाउएन! पुढच्या दोन जागा राहिल्यात!"

चहाच्या धुराआडून एक तपकिरी, पायघोळ झगा, जेल्लाबा, पुढे आला. शुक्रवारचा, इस्त्रीचा, आणि आज काही शुक्रवार नव्हता. डोक्याला ताजा फेटा. काठी टेकत बा अल्लाल टॅक्सीपाशी पोचला. बरोबर शामा नव्हती, कोणीच नव्हतं. बतूल कळशी छातीशी धरून चहावाल्याच्या छपराआड सरकली.

"दोन्ही जागा माझ्या," बा म्हणाला.

"दोन्ही? बरोबर कोणी आहे का, हाजी?"

"जाताना नाही. येताना असेल."

ड्रायव्हरनं त्याला हात देऊन आत बसवलं. मागची चार माणसं सरकून बसली. त्यांतल्या एकानं सलाम करून आजोबा कुठे निघाले, तब्येत कशी, तिकडे कोण असतं, अशी चौकशी सुरू केली. बानं मागे वळून ओठांवर बोट ठेवलं.

"बाळा, शाउएन येईपर्यंत मला बोलायला लावू नकोस. आवाज जपतोय."

आणि दार ओढून घेऊन तो सरळ समोर बघत बसला. टॅक्सी वेशीला वळसा घालून डोंगराच्या रस्त्याला लागली.